मोठ्यांचा वर्ग, पडद्यावरचा फळा

मंडळाच्या निधी-पुस्तिकेत पाककृती असतात, प्रवासवर्णनं असतात, मुलांची चित्रं असतात आणि अर्थातच जाहिराती असतात. त्यांच्या जोडीला यंदा हा थोडा अभ्यासाचा लेख. वाचकांनी गोड मानून घ्यावा.

आम्ही काही जण एडिनबरामध्ये राहून मोठ्या माणसांना ऑनलाइन मराठी शिकवतो. आमच्यापैकी कोणी बँकेत आहे, कोणी दवाखान्यात, कोणी निवृत्त झालं आहे. पगारी शिक्षक एकही नाही. "मराठी तर आपली मातृभाषा, ती शिकवायला आणखी काय शिकायचं?" असं आम्हाला बरेचदा विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण मराठी येणं ही एक गोष्ट, मोठ्या माणसाला मराठी शिकवता येणं ही दुसरी, आणि ते पडद्यावरून शिकवता येणं ही तिसरी. पहिलीपासून तिसरीपर्यंत शिक्षक कसा पोचतो, हा या लेखाचा विषय. आमची उदाहरणं मराठीच्या वर्गातली आहेत, पण तबला, योगासनं, हिशेब किंवा संगणक शिकवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१. प्रौढ विद्यार्थी म्हणजे कोण?

शाळेतलं मूल आईवडील पाठवतात म्हणून येतं. प्रौढ माणूस स्वतःहून येतो आणि स्वतःहून जातो. दिवसभराचं काम, घर, मुलं सांभाळून तो संध्याकाळी तासभर काढतो. त्या तासाचा उपयोग दिसला नाही तर पुढच्या आठवड्यात तो दिसत नाही. ऑनलाइन वर्गात तर उठून जाणाऱ्याच्या खुर्चीचाही आवाज होत नाही. चौकटीतला चेहरा नाहीसा होतो, एवढंच.

अमेरिकेतले एड्वर्ड लिंडमन यांनी १९२६ मध्येच मांडलं होतं की प्रौढांचं शिक्षण पाठ्यविषयापासून नव्हे, तर त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगापासून सुरू व्हावं. पुढे माल्कम नोल्स यांनी १९७० साली प्रौढशिक्षणावर एक पुस्तक लिहिलं आणि हा विचार जगभर पोचवला. त्यांची मांडणी आपल्या भाषेत चार ओळींत सांगता येईल :

(अ) हे का शिकायचं, ते प्रौढाला आधी कळावं लागतं.
(आ) तो रिकामी पाटी घेऊन येत नाही. त्याचा अनुभव हेच त्याचं पहिलं पुस्तक.
(इ) शिकलेलं त्याला आज-उद्याच वापरायचं असतं.
(ई) काय आणि किती शिकायचं यात त्याला आपलं म्हणणं हवं असतं.

आमच्या वर्गात येणाऱ्यांकडे पाहिलं की हे चारही मुद्दे पटतात. मराठी घरात लग्न करून आलेल्या स्कॉटिश सुना आणि जावई येतात. इथेच वाढलेली, मराठी कळणारी पण बोलताना अडखळणारी तिशीतली मुलं-मुली येतात. त्यातले काही आता स्वतः आईबाप झालेत आणि बाळाशी कुठल्या भाषेत बोलायचं हा प्रश्न त्यांच्या पुढ्यात आहे. एखादा संशोधक येतो, त्याला जुनी कागदपत्रं वाचायची असतात. बोलायला शिकण्याची त्याला फारशी गरज नसते. या सगळ्यांना एकाच पुस्तकाच्या पहिल्या पानापासून नेणं सोयीचं असेल, पण ती सोय शिक्षकाची. विद्यार्थ्यांना त्याचा फायदा नाही.

एक प्रसंग सांगतो. बाजारहाटाचा धडा ठरलेला होता : भाव विचारणं, वजन, सुटे पैसे. तास सुरू होताच आमच्या एका जावईबापूंनी विचारलं, "आज दुसरं काही शिकवाल का? सासरे गेले. रात्री सासूबाईंना फोन करायचा आहे. इंग्रजीत नको." त्यांनी शब्दकोशातून 'मेले' हा शब्द काढून ठेवला होता. बाजारहाट बाजूला राहिला. आधी आम्ही 'मेले', 'वारले' आणि 'गेले' यांतला फरक सांगितला : माणसाबद्दल, त्यातून घरच्या वडीलधाऱ्यांबद्दल, 'मेले' म्हणत नाहीत. मग तीन वाक्यं बसवली. "ऐकून फार वाईट वाटलं. आई, तुम्ही जेवलात का? काळजी करू नका, आम्ही आहोत."

इथे त्यांनी विचारलं की 'आम्ही' का, 'आपण' का नाही? इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. 'आपण' मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही' मध्ये तो बाहेर असतो, हा नियम त्यांनी पूर्वी वहीत लिहून घेतला होता. पण 'आम्ही आहोत' म्हणजे 'तुमच्यासाठी आम्ही उभे आहोत', आणि म्हणून इथे ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा शब्दच आधाराचा ठरतो, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं. प्रत्येकाने ती तीन वाक्यं म्हटली. एरवी गप्प बसणाऱ्यांनीसुद्धा. लिंडमन आणि नोल्स यांच्या पुस्तकांचं सार त्या वीस मिनिटांत होतं.

शिक्षकाच्या वाढीची पहिली पायरी म्हणूनच ही : हातातला धडा कधी बाजूला ठेवायचा ते ओळखणं. धडा बाजूला ठेवता यायला मात्र तो आधी नीट तयार असावा लागतो. ज्याची तयारी नाही तो धडा बाजूला ठेवत नाही, तो भरकटतो.

२. या गावाची जुनी परंपरा

आम्ही ज्या गावात बसून शिकवतो ते प्रौढशिक्षणाच्या बाबतीत फार जुनं आहे. १८२१ मध्ये लेनर्ड हॉर्नर यांनी इथे 'स्कूल ऑफ आर्ट्स' सुरू केलं. त्यामागची हकिकत मजेशीर आहे. रॉबर्ट ब्रायसन नावाच्या घड्याळजीकडे त्यांनी चौकशी केली की तुमच्या धंद्यातल्या तरुणांना गणिताचं शिक्षण मिळतं का? उत्तर नकारार्थी होतं. फी परवडत नाही आणि वर्गाच्या वेळा कामाच्या वेळांत येतात. हॉर्नर यांनी नेमक्या याच दोन अडचणी काढल्या : फी कमी ठेवली आणि वर्ग संध्याकाळी घेतले. रसायन, यंत्रविद्या हे विषय कारागीर शिकू लागले. पुढे मेरी बर्टन यांच्या प्रयत्नांमुळे १८६९ मध्ये या संस्थेचे वर्ग स्त्रियांना खुले झाले. स्कॉटलंडच्या विद्यापीठांची दारं स्त्रियांना उघडायला १८९२ साल उजाडलं. त्याच संस्थेचं १९६६ मध्ये हेरियट-वॉट विद्यापीठ झालं.

आपल्याकडेही याला जोड आहे. महात्मा जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. एडिनबराचा घड्याळ-कारागीर आणि पुण्याचा कामकरी, दोघांचीही अडचण एकच : शिकायची इच्छा आहे, पण दिवस आपला नाही.

एडिनबरा आणि मुंबई यांना जोडणारे आणखी एक गृहस्थ म्हणजे पॅट्रिक गेडीस. किल्ल्याशेजारच्या रॅमसे गार्डन आणि आउटलुक टॉवर या वास्तूंशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी इथे उन्हाळी अभ्यासवर्ग भरवले. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. जगता जगता आपण शिकतो, अशा अर्थाचं एक लॅटिन बोधवाक्य गेडीस यांनी आपलंसं केलं होतं.

त्यानंतरचं नाव जेनी ली यांचं. इथून जवळच फाइफमधल्या लॉकगेली गावात खाणकामगाराच्या घरी १९०४ मध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षण एडिनबरा विद्यापीठात. मंत्री असताना त्यांनी मुक्त विद्यापीठाची, म्हणजे ओपन युनिव्हर्सिटीची, कल्पना तडीस नेली. १९६९ मध्ये विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. टपालाने येणारी पुस्तकं, रात्री उशिरा टीव्ही-रेडिओवर लागणारी व्याख्यानं, असा तो थाट होता. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. तेही याच वाटेवरचं.

इंटरनेटच्या काळातही गाव मागे राहिलं नाही. एडिनबरा विद्यापीठाने २००६ मध्ये ऑनलाइन शिक्षणावरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि तो चालवलाही ऑनलाइनच. त्यातल्या अध्यापकांनी २०११ मध्ये ऑनलाइन अध्यापनाचा एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. २०२० मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यांचा एक मुद्दा आमच्या फार कामाचा आहे : दूर असणं ही भरून काढायची उणीव मानू नका, त्या दूरपणाचा उपयोग कसा करता येईल ते पाहा. २०१३ च्या सुरुवातीला याच अध्यापकांनी सर्वांसाठी खुला असा पाच आठवड्यांचा वर्ग घेतला. ४०,००० हून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. त्यांनी मुद्दाम व्याख्यानांच्या चित्रफिती ठेवल्या नव्हत्या. छोटे चित्रपट आणि लेख देऊन चर्चेवर भर दिला होता. काहींना ते फार आवडलं, तर काहींनी विचारलं, "शिक्षक आहेत कुठे?"

हा प्रश्न ४०,००० च्या वर्गात जितका खरा, तितकाच आठ जणांच्या वर्गात.

३. पडद्यावर नेमकं काय बदलतं?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि जगभरचे वर्ग एका रात्रीत पडद्यावर गेले. तेव्हा पुष्कळांचा समज झाला की समोरचा वर्ग कॅमेऱ्यापुढे घेतला की झाला ऑनलाइन वर्ग. प्रत्यक्षात चार गोष्टी बदलतात.

पहिली गोष्ट, शिक्षकाचं असणं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये मांडलं की ऑनलाइन वर्ग उभा राहायला तीन प्रकारचं अस्तित्व लागतं : विचाराचं, माणसांचं आणि शिक्षकाचं. शिक्षकाचं अस्तित्व म्हणजे सतत बोलणं नाही. वर्गाची आखणी, योग्य जागी हस्तक्षेप आणि वेळेवर उत्तर, या तिन्हींतून ते जाणवतं. आठवड्याच्या मध्यात पाठवलेली दोन ओळींची सूचना कधी कधी पंधरा मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्त काम करते.

दुसरी गोष्ट, पायऱ्या. गिली सॅमन यांनी ऑनलाइन शिकणाऱ्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत : आधी वर्गात शिरता येणं, मग माणसांची ओळख, मग माहितीची देवघेव, मग एकत्र मिळून ज्ञान घडवणं आणि शेवटी स्वतःच्या बळावर पुढे जाणं. ज्याचा माइक चालत नाही त्याला विभक्ती शिकवू नये! आमचा पहिला तास म्हणून फक्त नमस्कार-चमत्कार, नावगाव आणि बटणं यांतच जातो. तो वाया गेला असं कोणी समजू नये.

तिसरी गोष्ट, शांतता. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एखादा सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. ऑनलाइनमध्ये त्यात आवाज पोचायला लागणारा वेळ आणि म्यूट काढायला लागणारा वेळ मिळवावा लागतो. आम्ही मनातल्या मनात सात आकडे मोजतो. शिक्षकाला ते सात आकडे युगासारखे वाटतात, पण विद्यार्थ्याला तेवढेच हवे असतात.

चौथी गोष्ट, आवाज. मराठीच्या शिक्षकाला हे फार जाणवतं. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन 'च' वेगळे आहेत. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे 'तू जग' यांतले दोन 'ज' वेगळे. लिहिताना फरक दिसत नाही आणि माइकवर तो नीट ऐकू येत नाही. मग डोळ्यांची मदत घ्यावी लागते. शिक्षकाने कॅमेरा तोंडाजवळ आणून जीभ कुठे टेकते ते दाखवावं. 'प' आणि 'फ', 'क' आणि 'ख' यांच्यासाठी कागदाची पातळ पट्टी ओठांपुढे धरावी. 'फ' म्हणताना ती हलते, 'प' म्हणताना जवळजवळ स्थिर राहते. प्रत्येकाने आपापल्या घरी पट्टी धरली की आठ चौकटींत आठ पट्ट्या हलतात आणि शिक्षकाला एका नजरेत कळतं. 'ळ' साठी मात्र उपाय एकच : 'बाळ', 'केळं', 'डोळा' म्हणत राहणं, आणि चुकलं तरी हसून पुढे जाणं.

पाचवी म्हणता येईल अशी एक बारीक बाब घड्याळाची. आमचे काही सहशिक्षक पुण्याहून येतात. उन्हाळ्यात पुणे आपल्यापुढे साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडचे साडेअकरा, नाहीतर साडेबारा. म्हणून आम्ही रविवारी सकाळी दहाची वेळ धरली आहे. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, त्याआधीच्या आठवड्यात सर्वांना दोन्हीकडची वेळ लिहून कळवावी.

४. शिक्षकाचे चार आरसे

आता मुख्य मुद्दा. शिकवता शिकवता शिक्षक आपोआप सुधारतो असं म्हणतात, पण नुसती वर्षं गेल्याने तसं होत नाही. दहा वर्षांचा अनुभव आणि एकाच वर्षाचा अनुभव दहा वेळा, यांत फरक आहे. अध्यापनशास्त्रातले स्टीफन ब्रुकफील्ड यांनी १९९५ मध्ये शिक्षकाने स्वतःकडे पाहण्याच्या चार दृष्टी सांगितल्या. आम्ही त्यांना चार आरसे म्हणतो.

विद्यार्थ्यांचा आरसा : दर चौथ्या तासाला दोनच प्रश्न विचारावेत. "कुठे मन लागलं? कुठे सुटलं?" उत्तरं नावाशिवाय घ्यावीत. मराठी माणूस शिक्षकाच्या तोंडावर "छान झालं" असंच म्हणणार, स्कॉटिश माणूस त्याहून सभ्य. जो वर्ग सोडून गेला त्यालाही एक साधं पत्र जावं. त्यात आग्रह नसावा, फक्त चौकशी असावी. सर्वांत उपयोगी उत्तरं बरेचदा तिथूनच येतात.

सहकाऱ्यांचा आरसा : महिन्यातून एकदा दुसऱ्या शिक्षकाने कॅमेरा बंद ठेवून तासाला बसावं आणि फक्त मोजावं. शिक्षक किती मिनिटं बोलला, विद्यार्थी किती, आणि एकदाही न बोललेले किती? मत देऊ नये, आकडे द्यावेत. आकड्यांवर कोणी रुसत नाही.

स्वतःचा आरसा : सर्वांची परवानगी घेऊन एखादा तास ध्वनिमुद्रित करावा आणि ऐकून झाल्यावर पुसून टाकावा. शिवाय तासानंतर पाच ओळींची टिपणवही : काय ठरलं होतं, काय झालं, कोण गप्प होतं, कोणता प्रश्न अनपेक्षित आला, पुढच्या वेळी काय बदलायचं. वही साधीच असावी, नाहीतर ती लिहिली जात नाही.

अभ्यासाचा आरसा : वाचन. आपल्याला सुचलेली युक्ती आधी कोणी तपासून पाहिली आहे का, हे पाहिलं तर कष्ट वाचतात. वर आलेली नावं सुरुवातीला पुरेशी आहेत. मराठी व्याकरणाचं एखादं चांगलं पुस्तकही हाताशी हवंच. 'मी आंबा खाल्ला' मध्ये क्रियापद आंब्याच्या मागे का जातं, हे आपल्याला बोलताना कधी विचारावं लागलं नाही. विद्यार्थी पहिल्याच महिन्यात विचारतो.

ज्यांना हे काम पेशा म्हणून करायचं आहे त्यांच्यासाठी या देशात रीतसर वाटही आहे. उच्च शिक्षणात शिकवणाऱ्यांसाठी व्यावसायिक मानकांचा आराखडा २००६ मध्ये आला. तो २०११ आणि २०२३ मध्ये सुधारला गेला. त्यावर आधारित असोसिएट फेलो, फेलो, सीनियर फेलो आणि प्रिन्सिपल फेलो अशा चार श्रेणी अॅडव्हान्स एचई ही संस्था देते. शाळेच्या शिक्षकांची नोंदणी १९६५ मध्ये स्थापन झालेली स्कॉटलंडची जनरल टीचिंग कौन्सिल करते. आमच्यासारख्या हौशी शिक्षकांना यातलं काही सक्तीचं नाही. तरी त्यामागचं तत्त्व घेण्यासारखं आहे : मी चांगला शिकवतो असं नुसतं म्हणू नये, त्याचा पुरावा वहीत असावा.

५. एका तासाचा आराखडा

नव्या शिक्षकांना आम्ही हा ६० मिनिटांचा साचा देतो. पुढे ज्याने त्याने तो आपल्या अंगाला बेतून घ्यावा.

५ मिनिटं : गप्पा. हवामान चालेल, एडिनबरामध्ये विषय कधी संपत नाही!
१० मिनिटं : मागची उजळणी. ती विद्यार्थ्यांनी करायची, शिक्षकाने नाही.
१५ मिनिटं : नवा मुद्दा. एकच. 'तो, ती, ते' आणि भूतकाळ एकाच दिवशी नको.
२० मिनिटं : दोघादोघांच्या छोट्या खोल्यांत संवाद. शिक्षकाने प्रत्येक खोलीत जाऊन ऐकावं, चुका टिपाव्यात, मध्ये तोडू नये.
१० मिनिटं : टिपलेल्या दोन-तीन चुका, नावं न घेता. आणि एक प्रश्न : "या आठवड्यात हे कोणाशी बोलाल?"

शेवटचा प्रश्न गाळू नये. "आजीशी", "सासूबाईंशी", "शेजारच्या काकूंशी" असं नाव घेतलं की तो धडा त्या माणसाचा होतो.

६. स्वाध्याय (शिक्षकांसाठी)

१) आपल्या वर्गातल्या प्रत्येकाच्या नावापुढे तो का शिकतो ते एका वाक्यात लिहा. ज्याच्यापुढे लिहिता येणार नाही त्याच्याशी या आठवड्यात बोला.
२) एका तासात आपण किती मिनिटं बोललो ते मोजा. पुढच्या तासाला त्यातली पाच कमी करा.
३) 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक तीन प्रसंगांतून समजावा. त्यातला एक प्रसंग आपल्या विद्यार्थ्याच्या घरातला असावा.
४) आपल्या विषयातली अशी एक गोष्ट शोधा जी पडद्यावर समोरच्या वर्गापेक्षा चांगली शिकवता येते.

ज्यांना शिकवायला यावंसं वाटेल त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीशी बोलावं. उच्चार शुद्ध आहेत का, पदवी कोणती, हे आम्ही विचारणार नाही. पहिले चार रविवार फक्त ऐकायला बसायचं आणि वहीत लिहायचं. पाचव्या रविवारी दहा मिनिटं तुमची. ऐकायला समोर असा कोणीतरी असेल ज्याला रात्री कोणालातरी फोन करायचा आहे, एवढं ध्यानात ठेवून यावं.